फट ठेवून दोन दात

"दात बसवून देईन, काका, पण मध्ये फट कशाला?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला. "लोक माझ्याकडे फटी बुजवायला येतात."

"मला हवी आहे," खुर्चीत आडवे झालेले काका म्हणाले. "शिट्टी फटीतूनच निघते. कवळी लावून वाजवून पाहिली. कवळी बाहेर पडली, शिट्टी आतच राहिली."

बाई हसल्या. काका हसले नाहीत. हसायला पुढे वरच्या बाजूला काही उरलंच नव्हतं.

समोरच्या पडद्यावर त्यांचा जबडा दिसत होता. पुढचे दात होते तिथलं हाड झिजून सुरीच्या पात्यासारखं झालं होतं.

"दात गेले की हाडाला काम उरत नाही," बाई म्हणाल्या. "मग तेही हळूहळू निघून जातं."

"निवृत्त माणसासारखं."

"आधी हाड वाढवावं लागेल. हिरडी उघडून हाडाची भुकटी भरायची, वर पापुद्र्यासारखं झाकण, मग टाके. काही महिने थांबायचं. हाड भरलं की त्यात स्क्रू, आणि स्क्रूवर दात."

"भुकटी कुणाच्या हाडाची?"

"दुसऱ्या कुणाची तरी. दान केलेली, शुद्ध केलेली. ती नुसती परांची समजा. तिच्या आधाराने तुमचं हाड वाढतं. दुसऱ्याचं विरघळत जातं, तुमचं उरतं."

"आणि शरीराला कळत नाही? हे आपलं नाही म्हणून?"

"थोडे दिवस कळतं. मग विसरतं."

काका खुर्चीतून उठले. "करून टाका," म्हणाले. दाराशी पोचल्यावर मागे वळले. "बाहेरच्या पाटीवर 'शस्त्रक्रिया'तला 'क्रि' दीर्घ झालाय. तेवढा ऱ्हस्व करून घ्या."

घरी आले तेव्हा बायको नेहमीप्रमाणे खिडकीत बसली होती. केस विंचरलेले, ताट बाजूला तसंच.

"काका, शिट्टी ऐकू आली का तुम्हाला?" तिने विचारलं. काका सगळ्या जगाचे होतेच; गेल्या वर्षापासून बायकोचेही झाले होते.

"झाली की गं आई, तीनदा," मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली. "गॅस बंद केला. आता दोन घास खा."

बायकोने लेकीकडे असं पाहिलं, की कुकरने मान खाली घालावी. "खालून बोलावणं येईल. जेवत बसले तर कशी जाऊ?"

असं रोज चालायचं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

मुलगी काकांना बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच शिट्टी वाजवायचात? घरात तर कधी ऐकली नाही."

"लग्न झाल्यावर कशाला लागते?"

मुलगी सुखावली. आपल्या आईवडिलांचं लग्न म्हणजे पोहोचतं केलेलं पार्सल, असं ती जन्मभर समजत आली होती. "पण हाड भरेपर्यंत आईला शिट्टी आठवेल?"

"ती बाकी सगळं विसरेल," काका म्हणाले.

टाके पडले, सुजलेला ओठ घेऊन काका पेज पीत राहिले. महिने गेले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फोटो काढला आणि स्वतःचंच हाड भरल्यासारख्या खूश झाल्या. "छान भरलंय. आता सगळं तुमचंच."

दात घडवायची वेळ आली तेव्हा काकांनी फटीच्या मापासाठी एक जुना फोटो नेला. छापखान्यातली माणसं मशीनसमोर ओळीने उभी होती. मधोमध एक उंच तरुण तोंडभर हसत होता, आणि त्याच्या पुढच्या दोन दातांमधून काडेपेटीची काडी सहज गेली असती.

"प्रेसमध्ये सगळे खिंडी म्हणायचे," काका म्हणाले.

बाईंनी भिंग लावलं. "ओळखूच येत नाही हो तुम्ही."

"फार वर्षं झाली."

"आणि हा कडेचा? तोंड मिटून उभाय. कुणी रागावलंय का याला?"

"तो प्रूफं तपासायचा. चूक दिसली तरच बोलायचा."

दात बसले, फटीसकट. काकांनी न्हाणीघरात नळ सोडून सराव केला. दोन आखूड, एक लांब, शेवटी वर चढणारी. सूर शोधावा लागला नाही. तरुणपणच्या कितीतरी संध्याकाळी त्या शिट्टीत गेल्या होत्या. छापखाना सुटायचा, हातांना शाईचा वास असायचा, कोपऱ्यावरचा दिवा लागायचा, शिट्टी वाजायची आणि वरची खिडकी उघडायची. तेव्हा ती हसायची कशी, हे दुसऱ्या कुणाला सांगून समजलं नसतं.

त्या संध्याकाळी काका खाली उतरले. दिवा लागेपर्यंत थांबले. मग ओठ ओले करून शिट्टी वाजवली.

पहिली नुसती हवा गेली. दुसरी मात्र वर चढली.

खिडकी उघडली. बायको वाकली, आणि हसली. अगदी तस्सं. तिच्या मागे ताट घेऊन उभ्या असलेल्या मुलीने डोळ्यांना पदर लावला.

"खिंडी?" बायकोने दबक्या आवाजात विचारलं. "किती उशीर."

"झाला खरा," काका म्हणाले. "तू जेवून घे आधी. मी आहे इथेच."

"पळून नाही ना जाणार?"

"नाही."

तिने हात मागे करून ताट ओढून घेतलं, उभ्या उभ्या एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग एकदम थबकून रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं.

"आणि तो तुमच्यातला प्रूफवाला रे? आमच्या बाबांनी ज्याच्याशी माझं ठरवलंय तो. मागे मागे येऊन कोपऱ्यावर उभा असतो मेला. आज नाही ना आला?"

"नाही," प्रूफवाला म्हणाला. "तो गेला केव्हाच."