उशाची फळी

गेनबा सुताराने पलंगाच्या उशाच्या फळीवर अंगठा टेकवला, उचलला आणि नाकाशी नेला. बाकीची फळी खडखडीत वाळली होती. मधोमध तळव्याएवढा डाग मात्र ओला होता, चिकट होता, आणि त्याला माक्याच्या तेलाचा वास येत होता.

"बघा मामा," शालनबाई म्हणाली. "परत आलीच."

कोण आली, ते गेनबाने विचारलं नाही. सगळ्या चिखली गावाला ठाऊक होतं. बबनरावांची पहिली बायको रतन बाळंतपणात गेली, बाळासकट. गेली ती याच पलंगावर, याच फळीला डोकं टेकून. तिच्या केसांना सदा माक्याचं तेल असायचं, ते फळीत मुरलं. माणूस गेलं, डाग राहिला. वर्षाच्या आत बबनरावांनी शालनला करून आणलं, तेव्हा ती पहिल्या रात्रीपासून त्या डागाशेजारीच निजली.

शालनने सवतीचं काही कमी केलं नव्हतं. तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात बांधला होता. नवं लुगडं आधी टाकाला लावायची, मग नेसायची. सणाचा पहिला घास तिचा. एवढा मान जित्या सासूलाही कुणी देत नाही. तरी सवतीचं समाधान होत नव्हतं. आता शालनला सातवा सरत आला होता. माहेरी आईबाप उरले नव्हते, म्हणजे बाळंतपण इथेच, याच पलंगावर. तिला मरणाची भीती वाटत होती आणि ती बोलून दाखवायची सोय नव्हती. डाग तेवढा घालवा, म्हणून तिने सुताराला बोलावलं होतं.

पहिल्या खेपेला गेनबाने राख आणि गरम पाण्याने फळी घासली, काचेच्या तुकड्याने खरवडून नवं लाकूड वर काढलं. शालनने घरातलं तिळाचं तेल पुढे केलं, तसा तो हसला होता. "वैनी, खायाचं त्याल लाकडाला चालत न्हाई. ते जल्मात वाळत न्हाई, निस्ती धूळ खात बसतं. जवसाचं लावू. त्ये वाळतं, दुधावानी साय धरतं." मग कढवलेलं जवसाचं तेल फडक्याने चोळून त्याने फळी उन्हात ठेवली. डाग गेला. आठवडा झाला नाही तोच परत आला. त्याने पुन्हा खरवडली, पुन्हा जवस लावलं. आणि आज हे.

"तिचंच त्याल लाकडातनं वर येतंय ना?" शालनने विचारलं.

गेनबाने पटाशी काढली आणि डागावरून एक पातळ ढलपी उडवली. "ह्ये बघा. खाली लाकूड ठणठणीत कोरडं हाय. जवसाची साय बी जागच्या जागी हाय. माक्याचं त्याल सायीच्या वरनं आलंय."

"म्हंजी?"

"म्हंजी लाकडातनं न्हाई आलं. कुनीतरी लावलंय." त्याने तिच्याकडे न बघता हत्यारं पिशवीत भरली. "मी धा बारी खरवडून दीन, वैनी. पर लावनारा हात काय मला तासता यायचा न्हाई."

तो गेला. शालन तिथेच उभी राहिली.

घरात माणसं दोनच. दर महिन्याला बबनराव म्हणायचे, जरा माक्याचं तेल कर, डोकं शांत राहतं. ती बांधावरून माका उपटून आणायची, वाटायची, खोबरेलात कढवायची. त्या वासाने तिला मळमळायचं, म्हणून ती स्वतः ते कधी लावत नसे. आणि त्यांचे केस? कायम रखरखीत. तिने त्याचा दोष पिंपरीच्या नव्या कारखान्यातल्या धगीला देऊन टाकला होता.

दुपार कलली तशी बबनरावांची सायकल अंगणात लागली. या वेळी शालन विहिरीवर असायची. आज ती न्हाणीच्या आडोशाला थांबली. त्यांनी हातपाय धुतले, आत गेले, कोनाड्यातली बाटली घेतली. तळव्यावर तेल ओतून ते फळीच्या मधोमध दोन बोटांनी हळूहळू चोळू लागले. आधी मध्ये, मग दोन्हीकडे, भांग पाडून लावतात तसं. भुताला शालन जेवढी भ्यायली नव्हती, तेवढी त्या हाताला भ्यायली. इतक्या मायेने तो हात तिच्या अंगावरून कधी फिरला नव्हता.

ती दारात येऊन उभी राहिली. हात थांबला.

"तिचं डोकं लई दुखायचं," बबनराव मागे न वळता म्हणाले. "त्याल लावलं की निजायची."

शालनच्या ओठावर पुष्कळ आलं. माका मी आणायचा, मी वाटायचा, हात पोळून मी कढवायचा, आणि लावायचा तो तिला! पण ते तिने गिळलं. पलंगावर येऊन बसली, त्यांच्याकडे पाठ केली, डोक्यावरचा पदर उतरवला आणि अंबाडा सोडला.

"माझंबी दुखतंय."

बबनरावांनी बाटली तळव्यावर उलटी धरली, झटकली, पुन्हा झटकली.

"संपलं," ते म्हणाले.

"उद्या माका आणते," शालन म्हणाली. "दोघींपुरतं करते."