मोटरची जागा

मुरबाडच्या कुंडलिकने भाजी थंड ठेवायची पेटी बनवली. पंख्याची मोटर त्याने पेटीच्या आतून काढून बाहेर बसवली, एवढाच काय तो शोध. "मोटर तापते, तर ती बाहेर काढणं कुणालाही सुचेल," असं म्हणत पेटंट ऑफिसने अर्ज फेटाळला. कुंडलिक अपिलात गेला.

सुनावणीत साहेबांनी विचारलं, "फ्रिज दुरुस्तीचं काम किती वर्षं करता?"

"बारा."

"आणि ही मोटर आत ठेवून किती दिवस झटलात?"

"तीन उन्हाळे, साहेब," कुंडलिक खाली मान घालून म्हणाला.

तेवढ्यावर अपील मंजूर झालं.

निकालाचा कागद घेऊन तो घरी आला, तेव्हा बायको, कमळ, चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. त्याने ऐटीत वाचून दाखवलं, "जे बारा वर्षांच्या जाणत्या कारागिराला तीन उन्हाळे सुचलं नाही, ते कुणालाही सुचेल असं म्हणता येणार नाही."

"बरोबर लिवलंय," तव्यावरची भाकरी उलटत कमळ म्हणाली. "चुलीला खेटून कोन माठ ठेवतं काय, असं मी बोलले, तवर तुमाला कुठं सुचलं होतं?"