चौथा गट

स्टीलचा पेला फरशीवर पडला आणि भिवा ढेबे दरडीवर पहारा ठेवायच्या चौकीबाहेर धावत सुटला. दरड नाही, नुसता पेला आहे, हे कळल्यावर तो शांतपणे परत आला आणि पुन्हा डोंगराकडे कान लावून बसला.

"बाकीचं समदं काढलंत, मग हे दचकणं का ठेवलंत?" त्याची बायको ठकूबाई तपासायला आलेल्या डॉक्टर नेर्लेकरबाईंना म्हणाली.

"दरडीतून वाचलेल्या माणसाच्या त्रासाचे चार गट असतात. दरड पुन्हापुन्हा दिसणं, डोंगर टाळणं, मन खचणं आणि सतत सावध राहणं. पहिले तीन आम्ही मशीनने पुसले. चौथा आपत्ती खात्याला हवाय. यांच्याइतकी लवकर दरड कुठल्याच यंत्राला कळत नाही. खालची गावं यांच्या भरवशावर झोपतात."

"मग दचकणं राहू द्या," ठकूबाई म्हणाली. "पण त्यांचं दुःख तेवढं परत द्या. दरडीत गेलेल्या आमच्या लेकीचं, मंगलचं काल वर्षश्राद्ध होतं. ह्यांनी दोनदा खीर मागून घेतली. मी एकटीच रडले."

डॉक्टरबाईंनी तपासणीची वही मिटली.

"नाही जमायचं, ठकूबाई. रडणाऱ्या माणसाला डोंगर ऐकू येत नाही."