डावीकडची ओळ

मक्याच्या दोन ओळी हिरव्यागार, दोन पिवळ्या, असं सगळं वावर. युरिया टाकून दहा दिवस झाले होते आणि तो टाकला होता वैजयंताच्या सासऱ्यांनी, आबांनी, स्वतःच्या हातानं. "खतच भेसळीचं," ते करवादले. पण भेसळ अशी ओळी मोजून कशी येईल? पिवळ्या ओळींना कणसं बोटाएवढीच धरणार, या विचारानं तिला चैन पडेना.

शेवटी रिकामी बादली घेऊन ती आबांसारखीच, दोन्ही बाजूंच्या ओळींना खत टाकल्यागत हात करत, दोन ओळींमधल्या सरीतून चालली. जाताना डावीकडची ओळ पिवळी. वळून, मधली एक सरी सोडून, पुढच्या सरीतून येताना पुन्हा डावीकडचीच. आबांना त्या बाजूचं दिसतच नव्हतं.

तेवढ्यात घराकडून मोटारसायकलची किक ऐकू आली. आज बाजार. ती धावत जाऊन गाडीपुढं उभी राहिली. "आबा, चावी द्या. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

आबांनी मान खाली घातली. मागं, डावीकडं तोंड करून बसलेल्या सासूबाई मात्र हलल्या नाहीत.

"वर्ष झालं, डावीकडचं मीच सांगते त्यांना," त्या म्हणाल्या. "खताच्या दिवशी तेवढी मी लेकीकडं गेले होते."