पाच मिनिटं जागेवर

फियाट तिसऱ्यांदा बंद पडली. आधी बॉनेट थरथरलं, मग हिवताप भरावा तशी अख्खी गाडी कापू लागली, मागून काळ्या धुराचा भपका निघाला आणि सगळं शांत झालं.

"दोन मिनिटं दहा सेकंद," सुनीतीताईंनी घड्याळ बघून जाहीर केलं. आवाजातला आनंद कळू नये म्हणून त्यांनी बरीच खटपट केली, पण ते काही साधलं नाही.

नवरा-बायकोतली अट साधी होती. इंजिन उतरवून, नवे पिस्टन आणि रिंगा घालून ते पुन्हा बसवलं की दसऱ्याच्या सकाळी गाडी जागेवर उभी राहून पाच मिनिटं चालली पाहिजे. संधी तीन. चालली तर राहील. नाहीतर पानिपतचे चोप्राजी ती विकत घेऊन जाणार आणि दिनकरराव मुकाट्याने मारुतीचं बुकिंग करणार. गुडगावच्या या नव्या सोसायटीत राहायला येऊन त्यांना वर्ष झालं होतं. भिंतीपलीकडे अजून बाजरी उभी राहायची आणि भिंतीच्या आत अकरा मारुती. सुनीतीताई पन्नाशीत गाडी चालवायला शिकल्या होत्या, लायसन्स पर्समध्ये होतं, पण फियाटचा गिअर टाकायला पैलवानच हवा. स्वतः गाडी हाकत करोलबागेला बहिणीकडे जायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि आता ते पुरं होणार होतं.

चोप्राजी आवारात खुर्ची टाकून श्रीखंड-पुरी खात होते. "पानिपतचा माणूस दारात आला की आपली धडगत नाही," असं दिनकरराव सकाळपासून दोनदा पुटपुटले होते.

"साहब, कसम से, कल शाम घड़ी की तरह चल रही थी," जसबीर मिस्त्री बॉनेटखालून म्हणाला. अट संपली होती, पण त्याच्या नावाचा प्रश्न होता. "एक बार देखने तो दो."

तळमजल्यावरचा अविनाश पुण्याहून संगणकाच्या कंपनीत आलेला. त्याने सल्ला दिला, "काका, एकदा पूर्ण बंद करून परत सुरू करा ना."

"ती तेच तर करतेय रे सकाळपासून," दिनकरराव म्हणाले.

मिस्त्रीने इंजिन पुन्हा चालू केलं आणि प्लगच्या चारही तारा एकेक करून काढून पाहिल्या. तार काढली की दर वेळी आवाज सारखाच पडत होता, म्हणजे चारही सिलिंडर इमानाने काम करत होते. मग त्याने प्लग काढले. चारही काजळी धरल्यासारखे काळेकुट्ट.

"पेट्रोल पूरा, हवा कम," तो म्हणाला. "इसका दम घुट रहा है."

कार्बोरेटरवरचा हवा गाळायचा डबा त्याने काल संध्याकाळी गाडी चालवून पाहिल्यावर धुवायला दुकानात नेला होता आणि आज सकाळी आणून बसवला होता. रात्रभर कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर नुसतं एक फडकं होतं. आता त्याने तो डबा उतरवला, टॉर्च मारली आणि बारीक चिमटा आत घातला. जागेवर चालताना इंजिन ज्या इवल्याशा भोकातून श्वास घेतं, त्यातच काहीतरी रुतलं होतं. ते त्याने तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवलं.

तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला.

"चावल?" चोप्राजींचा घास हातातच राहिला. "गाड़ी में?"

काल खंडेनवमी होती, हत्यारांची आणि वाहनांची पूजा करायचा दिवस. सगळ्यांच्या नजरा सुनीतीताईंकडे वळल्या. वळणारच. दिनकररावांना सोसायटी पुरती ओळखून होती. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला जिन्यात गाठून अर्धा तास विज्ञान पाजणारा माणूस. घराची वास्तुशांतसुद्धा त्यांनी होऊ दिली नव्हती.

पण सुनीतीताई काल सकाळपासून रात्री उशिरापर्यंत बहिणीकडे होत्या. घरात एकटे दिनकरराव. तीस वर्षांत ज्याने देवापुढे हात जोडले नाहीत, त्या माणसाने देव्हाऱ्यातून कुंकू शोधलं असणार, तांदूळ भिजवले असणार आणि कोणी बघत नाही ना हे पाहून ते फडकं बाजूला सारलं असणार. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. दिनकरराव एक स्वच्छ पाना पुन्हा पुन्हा पुसत होते आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते. सुनीतीताईंना एकदम भरून आलं, आणि भरून आलं म्हणून रागही आला.

"अक्षता मी टाकल्या," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे बंद पडली. तेव्हा त्या तीन खेपा धरायच्या नाहीत."

मिस्त्रीने प्लग पुसून बसवले आणि किल्ली फिरवली. फियाट चालू झाली. पाच मिनिटं झाली, सात झाली. ती संथ गुरगुरत राहिली. चोप्राजींनी समजूतदारपणे आणखी एक पुरी मागून घेतली.

मग दिनकररावांना कंठ फुटला. चारचौघांत काहीतरी बोलणं भागच होतं. "सुनीती, किती वेळा सांगितलंय तुला! या असल्या खुळचट समजुतींच्या पायी..."

सुनीतीताईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी आधी झाकण लावायचं आणि मग पूजा करायची. कळलं?"

"हो," दिनकरराव म्हणाले.