शोकाकुल

“साहेबांचा फोटो लहान नको हं, ताई,” नगरसेवकांचा माणूस नातीला बजावून गेला. आजोबांच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी त्याने डझनभर शोकाकुलांचे फोटो दिले होते. बहुतेक गॉगलमधले.

नात शहरात डॉक्युमेंट डिझाइनमध्ये एम.ए. करत होती. “बघणाऱ्याची नजर आधी कुठे जाते, तेच शिकतेय मी, आजी.”

“शीक. पण एवढ्या गर्दीत हे दिसले पाहिजेत गं.”

आजोबांचा एकच फोटो सापडला होता, पेन्शनच्या कार्डावरचा. तोही कावराबावरा. मोठा केला की धूसर व्हायचा. नातीने तो लहानच ठेवला, अगदी मधोमध. साहेब भलेमोठे राहिले. शोकाकुलांनी पोज देताना दूर कुठेतरी, भविष्याकडे बघितलं होतं. तिने फक्त फोटोंच्या जागा बदलल्या आणि ते भविष्य आजोबांच्या दिशेला आलं.

सकाळी चौकात फ्लेक्स लागला. साहेब खूश झाले. आजी चष्मा लावून बघत राहिली. गॉगलवाले सगळेच्या सगळे माना वळवून तिच्या नवऱ्याकडे बघत होते.

“जन्मभर या चौकातून गेले, कुणी ढुंकून बघितलं नाही,” ती म्हणाली. मग नातीचा हात धरला. “बघ, हे कसे लाजलेत.”