मायाप्पाचं सोनेरी नाव

जतच्या एसटी स्टँडसमोरच्या दुकानात बिरा फ्लेक्स बनवायचा. आज गिऱ्हाईक म्हणून त्याचे वडील आबाच आले. "आपला मायाप्पा मिलिटरीत भरती झालाय. नाव सोनेरी कर. फाट्यावर लय लांबनं चमकलं पायजे." त्याच भरतीत बिरा धावताना मागं पडला, तेव्हा आबा मेंढरं घेऊन रानात निघून गेले होते. आता पुतण्यासाठी मात्र मेंढरं दुसऱ्यावर टाकून आले होते. बिरानं मायाप्पाच्या नावावर रंग उतरत नेणारा ग्रेडियंट ओढला. पहिलं अक्षर झगझगीत सोनेरी, दुसरं तांबूस, तिसरं मागच्याच तपकिरी रंगात बुडालेलं. आबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी स्क्रीनकडं बघून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बिरा मुद्दाम फाट्यावर गेला. बोर्डापुढं लोक डोळे बारीक करून नाव शोधत होते. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून थांबवत होते. "मायाप्पाचं ऱ्हाऊ द्या. आधी अक्षरं बघा. माझ्या बिरानं रंगवल्यात."